ताटाची अदलाबदल

आमच्या लहानपणी महाडात जाड असणं ही लपवायची गोष्ट नव्हती. उलट लोक गाल ओढून कौतुक करायचे. "खात्यापित्या घरची दिसते हो," असं कोणी म्हटलं की आई तोंडदेखलं म्हणायची, "कसलं काय, काही खात नाही." आणि घरी आल्याबरोबर मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायची. मोहऱ्या जितक्या तडतडतील तितकी नजर मोठी. माझ्या वेळी त्या चांगल्या तडतडायच्या. वडील सरकारी कचेरीत कारकून, म्हणजे श्रीमंती आमच्या दारावरूनही गेली नव्हती. पण मुलगी गुटगुटीत असली की घराची अब्रू झाकली जाते, अशी तेव्हाची समजूत होती. ती अब्रू मी सोळा वर्षं इमानेइतबारे सांभाळली.

माझी आतेबहीण आमच्याकडे राहायला आली ती आठवीत. आत्याचं सासर वर कुडपणच्या अंगाला, डोंगराच्या माथ्यावर. तिथून शाळेसाठी रोज पोलादपूरला उतरायचं आणि पुन्हा चढायचं म्हणजे शिकण्याऐवजी चालण्यातच आयुष्य गेलं असतं. म्हणून वडिलांनी बहिणीला निरोप धाडला, पोरीला आमच्याकडे पाठव. माझ्याहून ती वर्षा-दीड वर्षानं मोठी, म्हणून आम्ही सगळी तिला ताई म्हणायचो. शाळेत मात्र आम्ही एकाच वर्गात होतो, कारण डोंगरात तिचं एक वर्ष बुडलं होतं.

ताई काटकुळी होती. गळ्याची हाडं वर आलेली, मनगटं एवढीशी, बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. पण नदीवरून डोक्यावर एक नि कमरेवर एक असे दोन हंडे घेऊन यायची आणि पाण्याचा थेंब सांडायचा नाही. मी एक घागर आणली तरी अर्धी माझ्या परकरावर असायची. शाळेच्या पटांगणात धावायची शर्यत लागली की बाकीच्या मुली दुसऱ्या नंबरासाठीच धावायच्या.

तिचं जेवण आमच्यापेक्षा वेगळं होतं. महिन्या-दीड महिन्याला डोंगरातून कोळशाच्या गोण्या घेऊन ट्रक यायचा, त्यात आत्या एक गाठोडं पाठवायची. नाचणीचं पीठ, कुळीथ, वाळवलेला शेवग्याचा पाला, कधी तीळ. आईला वाटायचं, आपल्याकडे आहे तर पोरीनं भात-वरण-तूप खावं, उद्या नणंद म्हणायला नको की भाकरीवर ठेवली. पण ताई म्हणायची, "नाय मामी, मला भाकरीच बरी. भात खाल्ला का तासाभरात पोट वरडाया लागतं." मग आई तिच्यासाठी रोज दोन काळसर भाकऱ्या थापायची, सोबत कुळथाची पिठी किंवा पाला, आणि बाजारात असेल तेव्हा परतलेली सुकट. माझ्या ताटात पांढऱ्या भाताचा डोंगर, वर वरण आणि तुपाची धार. दोघींचे पाट चुलीपाशी शेजारी शेजारी असायचे. त्या चुलीची ऊब, तव्यावरून उतरणाऱ्या भाकरीचा वास आणि सुकटीनं सगळ्या घरभर केलेला दंगा आठवला की अजूनही भूक लागते. हल्ली अशी भूक लागतच नाही.

शाळेत आम्हाला आरोग्यशास्त्र शिकवायला एक बाई होत्या, पुण्याकडच्या. भिंतीवर त्यांनी चौरस आहाराचा तक्ता लावला होता. त्यात दुधाचा पेला, अंडं, लोणी, पालेभाजीची जुडी आणि मधोमध लालबुंद सफरचंद. सफरचंद आमच्या वर्गात कोणीच खाल्लं नव्हतं, त्यामुळे त्या तक्त्यातली ताकद सगळी त्या सफरचंदातच आहे असं आम्ही धरून चाललो होतो. एकदा बाई म्हणाल्या, "नाचणीत चुना आणि लोह भरपूर असतं." सगळा वर्ग खो खो हसला. नाचणी म्हणजे डोंगरातल्या गरिबांचं खाणं, ते तक्त्यावर कसं चढणार? मीही हसले. ताई खाली मान घालून वहीत काहीतरी लिहीत होती.

अकरावीचं, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकचं वर्ष लागलं. त्याच बाईंनी ताईला सांगितलं, मॅट्रिक झालीस की मुंबईला नर्सिंगला जा, राहायची सोय होते, शिकताना थोडे पैसेही मिळतात. ताईनं तो ध्यासच घेतला. सुट्टीत ती घरी गेली तेव्हा तिनं बापापुढं विषय काढला. आत्याचे यजमान मोजकं बोलणारे. म्हणाले, "येकदा जाऊन बघ. घेतली तर घेतली. नाय घेतली तर आषाढाच्या आत लगीन." स्थळही ठरल्यासारखंच होतं, आंबेनळी घाटाच्या पायथ्याचं, जमीनजुमला बरा. फक्त मुलाची आई म्हणाली होती की पोर अंगानं भरायला हवी. म्हणजे दोन्हीकडून तिच्या हाडांवरच सगळ्यांचे डोळे. ताईनं मला हे सगळं नदीवर कपडे धुताना सांगितलं आणि म्हणाली, "लगीन करायला माजी ना नाय गो. पण आधी कायतरी शिकून मग." तिला ते किती हवं होतं, हे तिच्या कपडे आपटण्यावरून कळत होतं.

त्या दिवाळीत मुंबईहून माझी मावसबहीण आली. कमरेला पट्टा असलेला फ्रॉक, दोन शेपट्यांना रिबिनी आणि तोंडात सारखं "आमच्या मुंबईला". आल्या आल्या मला पाहून म्हणाली, "अय्या, तू किती जाडी झालीस गं!" आयुष्यात पहिल्यांदा हा शब्द मी शिवीसारखा ऐकला. मग तिनं मला मुंबईचं ज्ञान दिलं. भातानं माणूस फुगतं. तिकडच्या मुली शिंप्याच्या टेपनं कंबर मोजतात, सकाळी लिंबू-पाणी पितात आणि भाताला शिवत नाहीत. याला म्हणे डाएट म्हणतात. ताईचं ऐकून ती म्हणाली, "नर्सिंगला? तिथं शंभर पौंड वजन लागतं. माझ्या मैत्रिणीच्या बहिणीला परत पाठवलं की." मुंबईहून आलेली गोष्ट खोटी असते हे मानायला आम्ही तयारच नव्हतो. चार दिवसांत ती दोघींच्या डोक्यात दोन किडे सोडून निघून गेली. मला कमी व्हायचं होतं आणि ताईला वाढायचं होतं.

पण आधी कळायला तर हवं, आहोत किती? तेव्हा घरात माणसांचं वजन करायची पद्धत नव्हती. तोललेली पोर वाढत नाही, तिचं अंग झडतं, असं सगळे मानायचे. नवस फेडताना तुला करतील तेवढीच. तोलकाटा होता तो नदीच्या वाटेवरच्या कोळशाच्या वखारीत. आडवा दांडा, साखळ्यांना लटकवलेल्या दोन फळ्या आणि शेजारी नवी कोरी किलोची वजनं, कारण शेर जाऊन किलो नुकता आला होता. वखारीचे म्हातारे चाचा वडिलांच्या ओळखीचे. आम्ही कोळसा आणायला गेलो तेव्हा मी धीर करून विचारलं.

"बेटी, पोरीबाळींना तोलत नाहीत. कोळसा तोलतात," चाचा म्हणाले.

"ताईला मुंबईला शिकायला जायचंय चाचा. वजन लागतं तिथं."

शिकायचं नाव काढल्यावर चाचा उठले. मग त्यांनी फळीवर स्वच्छ गोणपाट टाकलं. ताई साखळ्या धरून बसली तेव्हा दुसऱ्या पारड्यात अडतीस किलो पुरले. माझ्या वेळी चाचांना वजनं कमी पडली आणि त्यांनी एक भरलेली गोणी वर ठेवली. गोणीचं वजन धरून मी छप्पन्न. ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. निघताना चाचांनी कोळशाचा एक तुकडा उचलून दिला आणि सांगितलं, "दोघी कानामागं तीट लावा. माझ्या काट्यानं नजर लागली असं कोणी बोलाया नको." आम्ही तिथंच एकमेकींच्या कानामागं काळे ठिपके काढले. शंभर पौंड म्हणजे पंचेचाळीस किलो, हे मी घरी येऊन गणिताच्या वहीत काढलं. म्हणजे ताईला सात किलो हवे होते आणि मला निदान सात नको होते.

आता एवढं सोपं गणित देवानंच घालून दिल्यावर उत्तर काढायला कितीसा वेळ लागतो! दुसऱ्या दिवशी आईनं ताटं वाढली आणि ती माजघरात वडिलांना वाढायला गेली. मी माझं ताट उचलून ताईपुढं ठेवलं आणि तिचं माझ्याकडे ओढलं.

"हे काय?"

"बघ ताई. भातानं वजन वाढतं. तुला वाढवायचंय, मला कमी करायचंय. रोज ताटं बदलायची. झालं."

ताई भाताकडे पाहत राहिली. "मामीला कळलं तर?"

"कसं कळेल? दोन्ही ताटं स्वच्छ झालेली दिसली म्हणजे झालं."

"बरं," ती म्हणाली, आणि तिनं वरण कालवायला सुरुवात केली.

त्या दिवसापासून रोज हाच खेळ. दहा वाजता शाळेच्या आधी आणि दिवेलागणीला पुन्हा. आईची पाठ वळली की ताटं सरकायची. ताईला अजून वाढावं म्हणून मी तिच्या भातावर साखर घालायचे. चहा अंगात भरतो असंही मी कुठंसं ऐकलं होतं, म्हणून जेवणावर तिला दोन चमचे साखरेचा चहा द्यायचे. चहा आईकडून मागून घ्यायचं काम माझं, आणि तो संपवायचं काम ताईचं. मला स्वतःला पहिले चार दिवस भाकरी घशात रुतली. पण आठवड्याभरात अशी काही गोडी लागली की विचारू नका. कुळथाच्या पिठीत भाकरी कुस्करायची, सुकटीचा तुकडा तोंडात धरून ठेवायचा, पाल्याची भाजी बोटानं पुसून खायची. आज पिशवीतून विकत आणलेल्या नाचणीला ती चव नाही. आणि एक गोष्ट मान्य करते, भाकरी खाल्ली की दुपारच्या तासाला मला झोप येईनाशी झाली.

महिन्यानं आम्ही पुन्हा वखारीत. ताई दीड किलोनं वाढली होती, मी किलोभर उतरले होते. आम्ही नदीच्या वाळूत फेर धरला. शिंप्याकडून मागून आणलेल्या जुन्या टेपनं मी रोज कंबर मोजायचे, आणि टेप बोटभर कमी भरली की दिवस चांगला जायचा. शाळेतल्या इतर मुलींनाही मी मुंबईचं ज्ञान वाटायला लागले. त्यातल्या एकीनं भात सोडला, दुसरीनं नुसतं लिंबू-पाणी सुरू केलं आणि तिसऱ्या दिवशी प्रार्थनेला चक्कर येऊन पडली. कोणाला काही कळत नव्हतं, पण प्रत्येकीला दुसरीला सांगण्याइतकं कळत होतं. पी हळद आणि हो गोरी, असा सगळा कारभार.

थंडी सरेपर्यंत ताईत फरक पडला. आधी ती नदीवरून एकच हंडा आणायला लागली. मग चढावर थांबून दम घ्यायला लागली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईनं तिला वाण वाटायला पाठवलं, तर ती तिसऱ्याच घरच्या पायरीवर बसली. "अभ्यासानं थकते पोर," आई म्हणाली. तिची नखं पांढुरकी झाली होती आणि ओठही. मला ते दिसत होतं. दिसत नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. पण माझी टेप दोन बोटं खाली आली होती आणि उन्हाळ्यात मुंबईला मावशीकडे लग्न होतं. फ्रॉक नाही, पण निदान पट्ट्याचा पोशाख शिवायचा असं माझ्या मनात होतं. मी तिला साखर वाढवून दिली.

त्याच दिवसांत माझ्या धाकट्या भावाच्या पाटीवरच्या पेन्सिली नाहीशा व्हायला लागल्या. तो रोज रडायचा, आई रोज नवी द्यायची. मग एकदा अंथरुणं काढताना ताईच्या उशीखाली पाच-सहा तुकडे सापडले, कडेनं कुरतडलेले. आई हसली. "अगो, या वयात खातात पोरी. मीपण माहेरी भिंतीची माती खायची." ताई शरमेनं लाल व्हायला हवी होती. तिचा चेहरा तसाच फिका राहिला. तिसऱ्यांदा वखारीत गेलो तेव्हा काटा अडतीसच्याही खाली आला होता. चाचांनी दोनदा तोललं. या वेळी त्यांनी कोळसा दिला नाही. नुसतं म्हणाले, "बेटी, हिला डॉक्टरबाईंना दाखव."

दाखवायचं होतंच. मॅट्रिकची परीक्षा झाली आणि नर्सिंगच्या अर्जासोबत सरकारी दवाखान्याचा दाखला हवा होता. आई नवं पातळ नेसून आम्हा दोघींना घेऊन गेली. डॉक्टरबाई कडक होत्या, केस पिकलेल्या, बोलणं थोडं आणि नेमकं. त्यांनी वजनाकडे बघितलंही नाही. ताईच्या डोळ्याची खालची पापणी ओढली, जीभ बघितली, नखं दाबली.

"दम लागतो? चक्कर येते?"

ताईनं मान हलवली.

"माती खातेस? पेन्सिल?"

ताईनं पुन्हा मान हलवली, या वेळी माझ्याकडे न बघता.

"हिच्या अंगात रक्त नाही," बाई आईला म्हणाल्या. "मी दाखला देऊ शकत नाही. दोन महिन्यांनी आणा."

"वजन कमी आहे म्हणून का हो बाई?" मी मध्येच विचारलं.

"वजनाचं तुला कोणी सांगितलं? बारीक मुली चालतात. रक्त नसलेल्या चालत नाहीत. घरी काय खाते ही?"

आई सरसावून बसली. इतक्या वर्षांचा हिशेब देण्याची वेळ तिच्यावर आली होती, आणि तिचा हिशेब चोख होता. "नाचणीची भाकरी खाते. कुळीथ, शेवग्याचा पाला, सुकट. तिच्या आईकडून येतं सगळं, मी रोज माझ्या हातानं करते."

डॉक्टरबाईंनी आईकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, पण विश्वासही नव्हता. "हे खाणाऱ्या मुलीचे डोळे असे पांढरे पडत नाहीत, बाई. जे असेल ते खरं सांगा."

माझी आई आयुष्यात कधी कोणाला खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी दवाखान्यात, दहा माणसांसमोर, ती खोटी ठरली. तिचे कान लाल झाले आणि तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला. मी खरं सांगितलं नाही. ताईनंही नाही. बाईंनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि आम्ही उन्हातून घरी आलो. त्या दुपारी आई जेवली नाही.

निरोप कोळशाच्या ट्रकबरोबर वर गेला आणि चौथ्या दिवशी आत्या खाली उतरली. हातात गाठोडं नव्हतं. येऊन ती चुलीपाशी बसली, पाणी घेतलं नाही. "वैनी, पोर तुमच्या पदरात टाकली व्हती. मी काय मागितलं व्हतं? दोन घास. तिकडं ते लोक तारीख काढाया बसलेत. आता तिचा बाप दोन म्हयने कशाला थांबंल?"

आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. "वन्सं, देवाशपथ सांगते..." एवढंच तिला म्हणता आलं. ताई भिंतीला टेकून उभी होती, खाली मान घालून. तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. भात, भाकरी, साखर, चहा, वखार, टेप, मुंबईचं लग्न. बोलता बोलता मीही रडायला लागले, आणि खरं सांगायचं तर निम्मं रडणं कोणी मारू नये म्हणून होतं.

कोणी मारलं नाही. आईनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मारलं असतं तर बरं झालं असतं. आत्यानं उठून आईचा हात धरला आणि म्हणाली, "चुकलं माजं, वैनी." दोघी मोठ्या बायका एकमेकींची माफी मागत होत्या, आणि ज्यांनी मागायची त्या आम्ही दोघी कोपऱ्यात उभ्या होतो.

आत्या ताईला घेऊन वर गेली. नवऱ्याला तिनं काय सांगितलं, कसं थांबवलं, ते मला कधी कळलं नाही. पण ते थांबले. त्या उन्हाळ्यात मी मुंबईच्या लग्नाला गेले नाही. आईनं नेलं नाही आणि मी हट्टही केला नाही. घरात मी ताटावर एकटीच बसायचे. आई आता माजघरात जायची नाही, माझा शेवटचा घास संपेपर्यंत समोर बसायची. भात वाढायची, भाकरीही वाढायची. वैशाखात एकदा वरून गाठोडं आलं, त्यात करवंदं होती आणि चिठ्ठी, ताईच्या अक्षरात. चढाला आता दम लागत नाही, एवढंच.

दोन महिन्यांनी डॉक्टरबाईंनी तिची पापणी पुन्हा ओढली. या वेळी त्यांनी खुर्चीवरून उठून तिच्या पाठीवर थाप मारली. "काय खाल्लंस?" ताई म्हणाली, "जे आधी खायची तेच." बाईंनी दाखल्यावर सही केली. आईनं तिथल्या तिथं बाईंना नमस्कार केला, आणि त्या दिवशी तिचा चेहरा पुन्हा आईसारखा झाला.

ताई मुंबईला निघाली तेव्हा आम्ही सगळी एस.टी. स्टँडवर गेलो होतो. पत्र्याची ट्रंक टपावर चढवली. कशेडीकडून आलेली गाडी उशिरा पोचली होती आणि ड्रायव्हर घाई करत होता. आत्या, आई, दोघी एकदम सूचना देत होत्या. मी खिडकीशी गेले. मन हलकं झालं होतं, सगळं निभावलं होतं. मी हसून म्हटलं, "ताई, आपण दोघी किती खुळ्या होतो गं! काय तो आपला बेत!"

ताई हसली. माझ्या हातावर तिनं हात ठेवला आणि गाडी सुटली.

महिन्याभरानं तिचं पत्र आलं. आईला अक्षर लागायचं नाही, म्हणून घरात आलेली पत्रं मीच वाचायची. आई चुलीपुढं बसली होती, मी दाराशी उजेडात. मामा-मामींना साष्टांग नमस्कार. राहायला आठ जणींची खोली आहे. पहाटे उठावं लागतं. मामींनी दिलेलं लोणचं सगळ्यांना आवडलं. आई प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती. मग खाली, वेगळ्या ओळीत, माझ्यासाठी लिहिलं होतं.

"गाडीशी तू म्हणालीस, आपण दोघी खुळ्या होतो. तेव्हा मामी होत्या म्हणून बोलले नाही. मी खुळी नव्हते. भाकरी सुटल्यावर मला काय होतंय ते दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं. पण ज्यांच्या घरी राहते त्यांच्या मुलीनं पुढं केलेलं ताट परत कसं सारायचं, ते मला कळत नव्हतं. तुझ्यावर राग नाही. इथलं जेवण बेचव आहे. पण ताटात येतं ते माझं असतं."

"पुढं काय लिहिलंय?" आईनं विचारलं.

तोवर मी स्वतःला तिची जिवाभावाची मैत्रीण समजत होते. चार वर्षं एका चुलीपाशी जेवलो, एका अंथरुणावर झोपलो, आणि ती मला कधी नाही म्हणू शकत नव्हती, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी पत्राची घडी घातली.

"काही नाही," मी म्हटलं. "सगळ्यांना नमस्कार लिहिलाय."

आई समाधानानं भाकरी थापायला लागली. ते पत्र मी तिला पूर्ण असं कधीच वाचून दाखवलं नाही.